खाली पडलेली रसभरी

रसभरी झाडावरून तोडायची नाही, हा एरीचा नियम बिशपच्या नियमांपेक्षाही कडक होता. हिरव्या फळात विष असतं. पिकलं की ते कागदी वेष्टनासकट आपोआप खाली पडतं. तेच वेचायचं, आणि रोजच्या रोज, नाहीतर उंदरांना आयता फराळ. यंदा मात्र उंदरांची चंगळ होती, कारण एरीच्या गुडघ्यांनी वैर धरलं होतं. एकदा खाली बसलं की उठायचं नाव नाही. म्हणून ती काठीने फळं ओढून पाहत होती आणि स्वतःवरच चिडत होती.

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. मोटार न बाळगणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकेतल्या त्या वस्तीत रस्त्यावर घोडागाड्याच फार. मोटारीतून उतरली ती सविला, एरीची धाकटी लेक.

सविलाला पंथ सोडून तीन वर्षं झाली होती. बाप्तिस्म्याआधी गेली असती तर कुणी चकार शब्द काढला नसता. पण देवासमोर शब्द देऊन तिने तो वर्षभरात मोडला, म्हणून तिच्यावर बहिष्कार होता. तिच्याबरोबर एका मेजावर जेवायचं नाही, तिच्या हातून काही घ्यायचं नाही, हाताचा आधारसुद्धा नाही. तिला द्यायला मात्र आडकाठी नव्हती.

"मंगळवारी मी आणि नवरा पार पश्चिमेला, ओरेगनला निघतोय, आई," सविला म्हणाली. "कायमचे."

"भाऊ शेतात आहे तुझा."

"भावाला नाही, तुला सांगायला आलेय." तिचं लक्ष काठीकडे गेलं. "हे काय गं? काठीने रसभरी? सरक बघू."

ती वाफ्यात बसलीच. अंगात पॅन्ट, केस उघडे. पण वेचायची रीत तीच. दोन बोटांनी उचलायचं, वेष्टन चाचपायचं, हिरवं लागलं की बाजूला टाकायचं. हे सगळं एरीनेच शिकवलेलं.

टोपली भरली तशी सविलाने उठून ती पुढे केली. एरीचे हात एप्रनखाली गेले.

"घे ना."

"खाली ठेव, बाळा. मी उचलते."

"कोण बघतंय इथे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत सून उभी होती, पण एरीपुढचा प्रश्न तिचा नव्हता. "ऑक्टोबरात प्रभुभोजनाच्या विधीआधी सगळ्या मंडळीसमोर सांगावं लागतं, की मी नियम पाळला. मला खोटं बोलता येत नाही."

"म्हणजे माझ्या हातातही विष आहे. हिरव्या फळासारखं." सविलाने टोपली तिथेच उपडी केली. "पडलेलं चालतं ना तुला? मग वेच आता."

ती तरातरा फाटकाकडे गेली. एरीला आधी संताप आला, मग त्याचं पाणी झालं. चुकलं नेमकं कुणाचं, हे तिला तीन वर्षांत ठरवता आलं नव्हतं. काठी फेकून ती गुडघ्यांवर बसली. कळ पार मस्तकात गेली. एकेक फळ उचलून ती टोपलीत टाकू लागली.

मोटार काही सुरू झाली नाही. बऱ्याच वेळाने वाफ्यावर सविलाची सावली पडली.

"आई, पुरे. उठता यायचं नाही तुला."

"तू वेचलेली आहेत ही. उंदरांना नाही सोडायची मी."

एरीने एक पिवळंधमक फळ सोलून लेकीच्या तळव्यावर ठेवलं. "खा." सविलाने ते खाल्लं आणि ती हुंदके देऊन रडली.

टोपली पुन्हा भरली, पण एरीला उठता येईना. दोनदा प्रयत्न करून पाहिला. सविलाने हात पुढे केला, मग आठवण होऊन मागे घेतला. तिने काठी शोधून आणली आणि आईच्या हाती न देता तिच्याजवळ जमिनीवर ठेवली.

एरी त्या काठीकडे बघत राहिली. लेक बहिष्कारातही आईचा नियम सांभाळत होती, आणि मंगळवारी जाणार होती.

"राहू दे काठी," ती म्हणाली. "हात दे."

"ऑक्टोबरात काय सांगशील?"

"माहीत नाही."

खिडकीत सून अजून होती. एरीने लेकीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि ती उठली. उभी राहिल्यावरही तिने तो सोडला नाही.