माझा सेल त्याच्या पोटात

मित्रांनो, या दुकानात शिरलात की तुमचे लक्ष आधी त्या पिवळ्या मीटरकडे जाईल. सगळ्यांचेच जाते. रबरी अंगरखा घालून, आकडे चमकवत तो टेबलाच्या मधोमध बसलेला असतो. त्याला डोळे भरून पाहून झाले की जरा डावीकडे वळा. पंख्याच्या वाऱ्याने सुटे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर जी काळी पेटी ठेवली आहे ना, ती मी. मी एक जुना काट्याचा मीटर आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी ओळीने बसलेल्या मुली आमची जुळणी करत. एकीने केसाएवढ्या बारीक तारेचे वेटोळे माझ्यात बसवले, दुसरीने त्यावर काटा लावला आणि तिसरीने काच चढवण्याआधी फुंकर मारून धूळ उडवली. त्या फुंकरीने माझा काटा पहिल्यांदा हलला. ती मुलगी हसली होती, हे मला अजून आठवते.

मला विकत घेतले बाबांनी. बाबा रेडिओ दुरुस्त करत. माझ्या लाल आणि काळ्या तारांची टोके ते बिघडलेल्या जागी टेकवत आणि विजेचा जोर किती आहे ते मी काट्याने सांगे. संध्याकाळी ते मला मऊ फडक्याने पुसत. त्यांची मुलगी टेबलावर हनुवटी टेकून माझ्या काट्याची चढउतार बघत बसे. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत.

"बाबा, याला भूक लागत नाही का?" तिने एकदा विचारले.

"व्होल्ट मोजताना नाही लागत. हा ज्याच्या घरी पाहुणा जातो ना, तिथलंच खातो," बाबा म्हणाले. "तार मधेच तुटलीय का ते शोधायचं असेल, तेव्हा मात्र याला स्वतःचा सेल लागतो."

पुढे रेडिओ कमी झाले, कॉम्प्युटर आले. बाबांची नजर अधू झाली आणि त्यांच्या सुनेने, म्हणजे धाकटीच्या वहिनीने, दुकान हातात घेतले. वहिनी कामाला वाघ. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आला की त्या त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडून त्याला जागा करत. त्याचा पंखा फिरू लागला की माझे लाल टोक पिवळ्या तारेवर ठेवत. काटा बारावर गेला की म्हणत, "शाबास!" शाबासकी खरे तर सप्लायला असे. मी ती गुपचूप माझ्या नावावर जमा करी.

आणि मग तो आला.

खोक्यात त्याच्यासोबत सेल नव्हता. वहिनींनी मला उपडे केले, पाठीचा स्क्रू काढला आणि माझा चौकोनी सेल उपसून त्याच्या पोटात घातला. मी उपडाच होतो, त्यामुळे तो सोहळा काही मला दिसला नाही. पण त्याने 'टुं' केलेले स्पष्ट ऐकू आले. माझ्या सेलवर तो बोलू लागला आणि मी कागदांवर जाऊन बसलो.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी जळत होतो. त्याला काय सवय होती, ठाऊक आहे? आकडा तोंडावर आयता लिहून द्यायचा. माझ्यासारखे डोळे बारीक करून वाचावे लागत नसे. पण सगळ्यात जास्त मी जळलो ते त्याच्या काचेवरच्या पातळ कागदावर. नव्या वस्तूवर असतो तसा पारदर्शक कागद होता तो. वहिनी तो काढायला तयारच नव्हत्या. "राहू दे बाई, ओरखडे नकोत पडायला," असे म्हणत त्या त्याच्यावरून हळूच बोट फिरवत. माझ्या काचेवर वितळलेल्या कथलाचा डाग पडला होता, तेव्हा कोणी हळहळले नव्हते. किती हा लाडोबा!

असे बरेच दिवस गेले. कागदाचा एक कोपरा सुटला, त्याखाली धूळ शिरली. मला मनातून बरे वाटले.

धाकटी आता शाळेच्या पुस्तकांची पाने कॉम्प्युटरवर लावून छापखान्याला देई. तिचा कॉम्प्युटर अचानक बंद पडू लागला. चित्रांचे मोठे पान उघडले की गेलाच. वहिनींनी घाईघाईत पिवळ्या मीटरने एकट्या पिवळ्या तारेचे व्होल्ट पाहिले. बारा. "सप्लाय ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. धाकटी घरी गेली, कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले.

तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, उद्या पानं गेली नाहीत तर पुस्तक दुसऱ्याला देणार आहेत. एकदा आधीच उशीर झालाय माझा. पुन्हा काम नाही मिळायचं."

वहिनींनी पुन्हा मोजले. पुन्हा बारा. "मग बोर्डच गेला असणार. नवा मागवायला चार दिवस तरी लागतील गं."

धाकटी मटकन खाली बसली. तिथून मी अगदी तिच्या नाकासमोर होतो.

"बाबांच्या मीटरनं बघ ना एकदा."

"तो? तो नुसता वजनाला आहे. त्यात सेलसुद्धा नाही."

"व्होल्ट मोजायला त्याला कधी सेल लागला? पाहुणा आहे ना तो!"

वहिनी ओशाळून हसल्या. त्यांनी मला पुसले आणि माझे टोक पिवळ्या तारेवर टेकवले. माझा काटा उठला. अकराच्याही अलीकडे थांबला. धाकटीने चित्रांचे पान उघडले, तसा तो आणखी खाली आला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

"काटा अडकत असेल. जुना झालाय," वहिनी म्हणाल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण वहिनी खऱ्या कारागीर. त्यांनी फळीवरचा एक चांगला सप्लाय काढून आम्हा दोन्ही मीटरांना लावला. मी बरोब्बर बारा दाखवले. लाडोबाने तेराच्याही वर दाखवले.

"हा एवढा कसा चढला?" वहिनी चक्रावल्या. धाकटीने त्याला उजेडात धरले आणि काचेवरचा तो कागद नखाने टरकन ओढून काढला. धूळ साचलेल्या कोपऱ्याखाली सेलचे इवलेसे चित्र लुकलुकत होते.

"अगं वहिनी, हा कधीपासून सेल मागतोय! उपाशीपोटी काहीबाही बरळत होता बिचारा."

मी या घटकेची किती वाट पाहिली होती! पण हसू काही आले नाही. तो रोज मागत होता आणि ज्या कागदावर मी जळत होतो, त्याच कागदाने त्याचे मागणे झाकले होते. वहिनींनी त्याच्या पोटातून संपलेला सेल काढून टेबलावर ठेवला. तो माझाच सेल होता. मी त्याला लगेच ओळखले.

चांगला सप्लाय धाकटीच्या कॉम्प्युटरला बसला. चित्रांचे पान उघडले, मिटले, पुन्हा उघडले. कॉम्प्युटर हूं की चूं न करता चालत राहिला. धाकटीने तिथेच खुर्ची ओढून उरलेली पाने लावली आणि छापखान्याला धाडून दिली.

तेवढ्यात वहिनी शेजारच्या दुकानातून नवा सेल घेऊन आल्या.

"एकच आणलास? आणि याला?" धाकटीने माझ्याकडे बोट केले.

"त्याला कुठे लागतो? आत्ताच तर बघितलंस," वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

लाडोबा 'टुं' करून जागा झाला. मला पुन्हा कागदांवर ठेवले. तारा तपासायचे माझे अर्धे काम आजही त्या सेलवाचून अडले आहे, पण ते सांगायला माझ्या काचेवर लुकलुकणारे चित्र नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही असा कोणीतरी असेल, ज्याला काहीच लागत नाही असे सगळे कौतुकाने सांगतात. कधीतरी त्यालाही हातात घ्या आणि त्याच्या पाठीचे झाकण उघडून बघा.