शेंदरावरचा टोला

आइक ना गड्या, मधात बोलू नको. माह्या दांड्याले अजून कापरं सुटून राहिलं.

मित्रांनो, मी एक हातोडी आहो, उणीपुरी दोन वर्साची. मोर्शीच्या लोहारानं मले घडवलं आन् चांदूर बाजारकडच्या खदानीत मी नत्थुजीच्या पिशवीत आली. नत्थुजी म्हणजे दगड पारखणारा म्हातारा. माह्यं काम एकच, दगडाले टोला द्याचा. चांगला दगड खणकन बोलते, चिरलेला भद्द करते. मंग वरून पाणी टाकाचं. सारा दगड सुकते, पण चीर ओलीच रायते. नत्थुजी मले कपाळाले लावल्याबिगर घरी जात नसे. मले लय मान होता!

त्या दिवशी मंदिर समितीचे अध्यक्ष खुशालराव सकाळीच आले. नत्थुजी पोचाच्या आधीच त्याईनं गाभाऱ्याच्या दारावर बसवाले एक काळी शिळा पसंत केली, तिले तेल-शेंदूर फासला, नारळ फोडला. नत्थुजीनं मले उचललं, तं खुशालराव म्हणाले, "देव झाला आता तो. देवाले हातोडी मारता काय, नत्थुजी?"

म्हाताऱ्यानं चपला काढल्या, हात जोडले आन् मले पिशवीत टाकलं. मी गारच पडली. पाणी टाकलं, तं तेलावरून सरकून गेलं. काहीच दिसलं नाई.

क्रेनवाल्या अमोलनं साखळी बांधली. शिळा वर गेली का खालून दोर धरून तिले वळवाचं काम नत्थुजीच्या नातीचं, रागिणीचं. तिनं गपचूप पिशवीत हात घातला आन् त्या शेंदरावर माहा एक टोला हाणला.

भद्द.

सारे जागच्या जागी थिजले. एकानं कानाले हात लावला. रागिणी एवढंच म्हणाली, "आबाजी, आइकलं ना?"

नत्थुजीनं साऱ्याईले मागं सारलं आन् अमोलले वीतभरच उचलाले सांगतलं. वीतभरच, हं! तेवढ्यात शिळा मधातून दोन तुकडे होऊन धाडकन पडली. रागिणीची दोर धरून उभं रायाची जागा तिच्याखाली गेली.

आन् खुशालराव काय म्हणाले असतील? "पोरीनं मारलं म्हून देव फुटला."

नत्थुजी वाकले. फुटीत बोट फिरवलं, बोटाले पिवळी माती लागली. ते बोट खुशालरावाईसमोर धरून म्हणाले, "ही माती आज सकाळी आत गेली काय, भाऊ?"

पण तवापासून मले कोणी हात लावत नाई. देवाले लागलेली हातोडी म्हणतात. रागिणीलेही म्हणतात, पोरगी लय आगाऊ.

मित्रांनो, हात जोडा, पण आधी दगडाचं आइकून घ्या. आन् तू खरं सांग गड्या, तिच्या जागी तू असता, तं मले पिशवीतून काढलं असतं काय?