वायफायचं नाव तेच ठेवा

दिवेलागणीला आमच्या घरातला प्रिंटर आपोआप जागा व्हायचा. आतून कण्हल्यासारखा आवाज, क्षणभर हिरवा दिवा, की पुन्हा चिडीचूप. कागद मात्र येत नसे. सासूबाई हातातलं काम टाकून दाराकडे बघत.

"आले वाटतं," एवढंच म्हणत.

सासरे फोटोग्राफर. तारांच्या गुंत्याचा त्यांना तिटकारा, म्हणून कॅमेरा, लॅपटॉप, प्रिंटर सगळं वायफायवर जोडलेलं. छापायचा फोटो ते बाहेरच कॅमेऱ्यात निवडून ठेवायचे. त्यांचं पाऊल घरात पडलं की कॅमेऱ्याला घरचं वायफाय मिळायचं आणि प्रिंटर धावू लागायचा. सासूबाई त्या आवाजावर चहा टाकायच्या.

ते दवाखान्यातच वारले, तेव्हा उशाशी खुर्चीत सासूबाईंचा डोळा लागला होता. प्रिंटरचं कागदाविना कण्हणं तेव्हापासूनचं. त्यानंतर त्या धड झोपल्या नाहीत, की त्यांनी दवाखान्यातून आणलेली पिशवी उघडू दिली नाही.

"माणूस जातोय आणि मी घोरतेय! रागावूनच गेले असतील गं."

परवा वायफायचा जुना राऊटर बदलायला माणूस आला. सासूबाई टेबलापुढे उभ्या ठाकल्या.

"हात लावायचा नाही. वायफाय बदललं तर त्यांना घर कसं सापडेल?"

"आजी, नवा एकदम सुसाट आहे."

"मला कुठे शर्यतीत धावायचंय?"

"अहो, पण हा शेवटच्या घटका मोजतोय..." त्याने जीभ चावली. मग फोनमध्ये बघत मला म्हणाला, "ताई, लॅपटॉप, प्रिंटर बंद करा. आणि तो कॅमेरापण."

"कुठला कॅमेरा?"

"जोडलेला दिसतोय ना! 'बाबांचा कॅमेरा'."

मी कपाटाकडे धावले. दवाखान्यातून आणलेली ती पिशवी काढून उघडली. सासूबाईंनी या वेळी अडवलं नाही. कॅमेरा थंडगार होता. बटण दाबून पाहिलं, पण बॅटरी पार उतरलेली.

"आत्ता होता, शप्पथ!" तो म्हणाला. फोनवरच्या यादीतून नाव गेलं होतं.

मी कॅमेरा चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने चालू केला. प्रिंटर कण्हला, आणि या वेळी कागद सरकत बाहेर आला.

खुर्चीत झोपलेल्या सासूबाई. अंगावर सासऱ्यांची करडी शाल, गळ्यापर्यंत नीट ओढलेली. कडेला फोटो काढणाऱ्या सासऱ्यांचंच बोट धूसर आलं होतं. फोटो त्यांनी निवडून ठेवलेला. घरी पोचायचाच काय तो राहिला होता.

"मला वाटलं, शाल नर्सने घातली," सासूबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या बोटावरून हात फिरवत राहिल्या. "तशा अवस्थेत उठले कसे असतील?" मग ओल्या डोळ्यांनीच हसल्या. "तोंड मिटू तरी द्यायचं होतं माझं!"

राऊटरवाल्याकडे वळून म्हणाल्या, "लाव बाबा नवा. पण नाव तेच ठेव. पासवर्डही तोच."

"मग जुनं सगळं आपोआप जोडलं जाईल हं, आजी."

"जाऊ दे की."

तो कामाला लागला. मी कॅमेऱ्याची बॅटरी काढून बाजूला ठेवली. फोटो मांडीवर घेऊन सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला.

"झालं. पहिली जोडणीपण..." तो बोलता बोलता थांबला. फोनमधून मान वर करून टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे, मग शेजारच्या बॅटरीकडे बघत राहिला. खोलीत प्रिंटर हलकेच कण्हला.

मी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. सासूबाईंच्या अंगावर करडी शाल ओढली आणि चहा टाकायला आत गेले.