लिफ्टमधले पान

"अवतरण सुरू, तुम्ही मला आवडता, स्वल्पविराम, पण तुमचा टाय मला आवडत नाही, पूर्णविराम, अवतरण बंद," ताईने वाचले आणि तिची बोटे ओळीच्या शेवटी थांबली. "असंच आहे ना, बाई?"

"असंच आहे. पुढे चल."

"बिचारा. टाय काढून खिशात घालायचा की! नवा परिच्छेद."

आमचे काम हे असे. अंधांसाठीच्या छापखान्यात ब्रेलमध्ये, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांत, एखादे पुस्तक तयार झाले की त्याची पहिली प्रत ताईपुढे येई आणि मूळ छापील पुस्तक माझ्यापुढे. तिने बोटांनी वाचून मोठ्याने म्हणायचे, मी डोळ्यांनी ताडून बघायचे. शब्द गळला, ठिपका चुकला, की खूण करायची. विरामचिन्हेसुद्धा म्हणायची, आणि आवाजात भाव मुळीच आणायचा नाही. "भाव आला की चूक निसटते," असे ताई म्हणे. बावीस वर्षांत तिच्या हातून एकही चूक सुटलेली नव्हती. ठिपक्यांच्या यंत्रावर मजकूर टंकणारे काका तिच्या मागे तिला 'पूर्णविराम' म्हणत. कारण जेवण झाल्यावर डब्याचे झाकण लावतानाही ती तोच शब्द उच्चारी.

मी एकतीस वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवले. "बोट ठेवून वाचा रे, बोट ठेवून वाचा," असे सांगता सांगता घसा बसला. निवृत्त झाले आणि इथे आले, तर बोट ठेवून वाचणारी एक बाई त्याचाच पगार घेत होती! आमचे जमायचेच होते. ती सेहेचाळीस वर्षांची, मी सदुसष्ट. ती जन्मापासून अंध, भाऊ-वहिनीकडे राहणारी. मी चष्म्याशिवाय अंधच, एकटी राहणारी.

हे पुस्तक आमच्याकडे आले ते अंधांच्या वाचनालयातल्या बायकांच्या हट्टाने. परीक्षेची पुस्तके, आरोग्याची पुस्तके, थोरांची चरित्रे छापून यंत्र झिजले होते. बायकांनी एकत्र अर्ज दिला, 'आम्हाला हसवणारी, प्रेमाची कादंबरी हवी.' साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि शेवटी एक पुस्तक मंजूर केले.

कादंबरीची नायिका छत्तीस वर्षांची, दातांची डॉक्टर. तिची मावशी दर रविवारी तिच्यासाठी एक स्थळ शोधून आणते. एक जण आईला घेऊन येतो आणि प्रत्येक प्रश्नाला आईच उत्तर देते. दुसरा टायवाला. तिसरा बोलता बोलता फुकटात दाढ तपासून घेतो आणि परत येत नाही. आणि तिच्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला येणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे मावशीचे लक्ष नसते, पण वाचणाऱ्याचे असते.

ताईला या पुस्तकाने भंडावून सोडले. पानागणिक ती थांबून विचारायची.

"बाई, काळजाचा ठोका चुकला म्हणजे नेमकं काय होतं?"

"पायरी संपली असं वाटून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसं."

"हां. ते मला रोज होतं." ती हसली. मग म्हणाली, "पण इथे सगळं बघूनच होतं. त्याने पाहिलं, तिने पाहिलं, नजरानजर झाली. शंभर पानांत किती वेळा डोळे आलेत, मोजलेत का? आवाजावरून कुणाला कुणी आवडतच नाही का?"

पहिलीतल्या मुलांनी मला शिकवले आहे की खऱ्या प्रश्नाला थाप मारू नये. मी आठवून पाहिले. "आमचे हे संध्याकाळी सायकलवरून यायचे. वळणावर घंटा दोनदा वाजवायचे. एकदा रस्त्यासाठी, एकदा माझ्यासाठी. मी आत असायचे, मला दिसायचे नाहीत. पण दुसरी घंटा झाली की हातातलं काम सुटायचं."

ताईची बोटे कागदावर तशीच होती. "हे पुस्तकात का लिहीत नाहीत?" तिने विचारले. मग स्वतःच म्हणाली, "चला. अवतरण सुरू."

ब्रेलमध्ये एकाच पुस्तकाचे दोन-तीन जाड खंड होतात; दुसऱ्या खंडात लिफ्टचा प्रसंग आला. भरदुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडते, आत ती आणि मिस्त्री, आणि दिवे जातात. मिट्ट काळोख. पुस्तकात पहिल्यांदाच कुणी कुणाकडे बघू शकत नव्हते.

त्यानंतर काय झाले ते मला तेव्हा कळले नाही. मी वाचत होते, एवढेच आठवते. थोड्याच वेळात ताई एकदम खळखळून हसली. मी त्या हसण्याच्या जागी, म्हणजे लिफ्टचे दार उघडते आणि बाहेर मावशी नवे स्थळ दंडाला धरून उभी असते तिथे, अजून पोचले नव्हते. मनात म्हटले, बोटं माझ्या डोळ्यांपेक्षा चपळ आहेत. मग मीही पोचले, मीही हसले आणि तशीच पुढे वाचत राहिले. जेवणाची घंटा झाली. प्रकरण संपले होते. आम्ही दोघींनी पानांवर 'तपासले' अशी खूण केली आणि डबे उघडले.

साठ प्रती टपालाने गेल्या.

दोन महिन्यांनी साहेबांनी आम्हाला बोलावले. टेबलावर जाड कागदाचे एक पत्र होते. "ताई, तुमच्याच लिपीत आलंय. वाचा बरं."

ताईने नेहमीच्या सपाट आवाजात वाचले. विरामचिन्हे गाळून सांगते:

"मी रुग्णालयात व्यायामोपचार करतो, म्हणजे लोकांचे गुडघे वळवतो. तुमचे पुस्तक फार आवडले. पण दुसऱ्या खंडाच्या एकतिसाव्या पानावर लिफ्टमधले दिवे जातात आणि बत्तिसाव्या पानावर दोघे हसत बाहेर येतात. तिच्या हातात त्याचा स्क्रू ड्रायव्हर आहे. आत काय झाले? आठ दिवस विचार करतो आहे. काल याच नादात एका आजोबांचा बरा गुडघा वळवला. लेखिकेने मुद्दाम सांगितले नसेल तर ठीक. तुम्ही गाळले असेल तर कृपा करून कळवा. स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात कसा आला?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी छापील पुस्तक उघडले. दिवे जातात ते पान एकशे बेचाळीस. दार उघडते ते एकशे चव्वेचाळीस. मधले पान ब्रेलमध्ये नव्हतेच. काका चहाला उठले असावेत आणि परतल्यावर एक पान पुढे सुरू केले असावे. तशी चूक कोणाचीही होते. म्हणून तर आम्ही दोघी होतो.

"पण तुम्ही मोठ्याने वाचता ना?" साहेबांनी विचारले. "मग सापडलं कसं नाही?"

मी काही तरी सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात ताई म्हणाली, "मी मोठ्याने वाचत नव्हते, साहेब. मनात वाचत बसले. अकरा पानं."

"आणि मीही," मी म्हटले. "मला पत्ताच नाही की ही गप्प झालीय."

"पण तुम्हाला तुटक वाटलं नाही, ताई? लिफ्ट बंद पडली आणि लगेच उघडली?"

"वाटलं ना." ताई म्हणाली. "मला वाटलं, लेखिकेने मुद्दाम सांगितलं नाही. अशा गोष्टी आपल्याला सांगत नाहीत. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हाही मी खोलीत गेले की बोलणं बंद व्हायचं. तसंच असेल म्हटलं."

साहेबांनी पेन उचलले, खाली ठेवले. "बावीस वर्षांत नाही आणि या पुस्तकात झालं. म्हणूनच मी म्हणत होतो, असल्या पुस्तकांचा उपयोग काय? या कादंबरीचा दुसरा भाग घ्यायचा ठरला होता, तो रद्द करू."

"चूक माझी आहे. पुस्तकाची नाही." ताईचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ओढणीचे टोक तिने मुठीत घट्ट धरले होते. "परीक्षेची पुस्तकं वाचून आम्हाला नोकऱ्या लागल्या, साहेब. नोकरी लागल्यावर संध्याकाळी काय वाचायचं? तुम्ही काय वाचता?"

साहेबांच्या खणात खुनाच्या कादंबऱ्या असत, हे साऱ्या कार्यालयाला ठाऊक होते.

"खून चालतो," ताई म्हणाली, "आणि लिफ्ट चालत नाही?"

दाराशी काका खोकले. ते हसू होते. साहेबांनाही आवरले नाही. "बरं बरं. पण साठही वाचकांना ते पान गेलं पाहिजे. यंत्र दोन महिने परीक्षेच्या कामात आहे. काय करता?"

"मी हाताने काढीन."

परत खोलीत आल्यावर तिने दार लोटले. "बाई, आधी वाचून दाखवा. काय झालं लिफ्टमध्ये?"

मी वाचले. बाईंनी वर्गाला गोष्ट वाचून दाखवावी तसे, भावासकट. काळोखात मिस्त्री धीर देण्यासाठी सारखा बोलत असतो. ती ऐकत असते. मग म्हणते, तुमची उजवी दाढ दुखतेय, तुम्ही डाव्या बाजूने बोलताय. तो म्हणतो, छे. ती म्हणते, तोंड उघडा आणि एखादं हत्यार द्या. तो काळोखात स्क्रू ड्रायव्हर देतो. ती स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एकेक दात हलकेच वाजवते. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. इथे? यावर तो जे ओरडतो, त्याने दोघांनाही हसू फुटते.

"बास? एवढंच?" ताई म्हणाली.

"एवढंच."

"आवाजावरून ओळखलं," ती म्हणाली. "होतं की पुस्तकात. नेमकं तेच पान गेलं."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन बसू लागली. ही लिपी हाताने लिहायची तर कागद पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे, उलट्या बाजूने टोचावी लागते. कागद उलटला की ठिपके सुलट उठतात. पहिली पाने मी सांगितली तशी तिने टोचली, दहाव्या पानापासून तिला पाठ झाले. मी शेजारी बसून तिच्याकडून अक्षरे शिकत होते. आयुष्यभर शिकवले, आता चुकत होते. "घाई नको, बाई. बोटाला ऐकू येऊ द्या," ती म्हणे. हे वाक्य मला तीस वर्षांपूर्वी मिळायला हवे होते.

साठावे पान व्यायामोपचारवाल्यांचे. ते तिने मुद्दाम शेवटी ठेवले होते. त्या दिवशी ती केस नीट विंचरून आली होती. कागदाला कोणी केस दाखवत नाही, पण आली होती. पान पुरे झाल्यावरही टोचणी थांबली नाही. तळाशी आणखी एक ओळ झाली. मग तिने कागद उलटला, ती ओळ हळूच वाचली आणि नखाने एकेक ठिपका दाबून सपाट केला.

"काय होतं गं?" मी विचारले.

"एक प्रश्न होता."

"कोणता?"

"तुम्ही मोठ्याने वाचता की मनात?" ती म्हणाली. "एवढाच. पण कामाच्या कागदावर कशाला?"

"पाठवायचा होतास. यात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. म्हणूनच."

पान गेले. टपाल यायच्या वेळी ताई खिडकीजवळ बसू लागली. ऊन चांगले लागते म्हणाली. फाटकाची कडी वाजली की तिचे वाचन अर्ध्या शब्दाने अडखळे. मी काही खूण केली नाही. तसली चूक नोंदवायला आमच्याकडे चिन्ह नव्हते.

साहेबांनी दुसरा भाग मंजूर केला. पहिली प्रत टेबलावर आली त्याच सकाळी जाड कागदाचे पाकीटही आले. ताईने दोन्ही हात पत्रावर पसरले.

"पान मिळाले, स्वल्पविराम, आभारी आहे, पूर्णविराम. स्क्रू ड्रायव्हर दातासाठी असणार, स्वल्पविराम, हे माझ्या बायकोने आधीच ओळखले होते, पूर्णविराम." बोटे अडखळली नाहीत. आवाज तसाच सपाट. "आम्ही दोघेही अंध आहोत, स्वल्पविराम, आणि पुस्तक आळीपाळीने एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतो, पूर्णविराम. हे पान दोघांनाही वाचायचे होते म्हणून भांडण झाले, पूर्णविराम. पानाच्या तळाशी एक पुसलेली ओळ हाताला लागली, पूर्णविराम. ती आम्ही वाचली नाही, पूर्णविराम. पुसलेले वाचू नये, स्वल्पविराम, असे आम्हाला शाळेत बाईंनी शिकवले होते, पूर्णविराम. दुसरा भाग लवकर पाठवा, पूर्णविराम."

मी चष्मा काढला.

"उत्तर आलं की, बाई," ताई म्हणाली. "न विचारताच."

पत्राखालच्या सहीवरून तिचा हात खाली सरकला. मोकळ्या कागदावरून, एकेक ओळ असावी तसा, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे, अगदी तळाच्या कडेपर्यंत. कागद गुळगुळीत होता. तिने पत्राची नीट घडी केली, खणात ठेवले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून परत टेबलाशी आणली.

"खंड पहिला," तिने नव्या प्रतीवर हात ठेवला. "आणि बाई, मी मोठ्याने वाचतेय ना, तेवढं लक्ष ठेवा."

"ठेवते. वाच."

"अवतरण सुरू," ताई म्हणाली.

मी छापील ओळीखाली बोट ठेवले.