आठवा दोष

नवे मॅनेजर घडवायची त्या हॉटेलची खास पद्धत होती. प्रशिक्षक स्वतः एका खोलीत सात दोष मांडून ठेवत: उशीवर केस, गळका नळ, उडालेला बल्ब वगैरे. उमेदवाराने ते हुडकायचे, की नेमणूक पक्की. प्रशिक्षकांच्या तोंडावरचं हसू कधी मावळत नसे, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे हसरे सर म्हणत.

या खेपेची उमेदवार ती होती, आणि तिला ही नेमणूक हवीच होती. सासूबाईंनी बजावलं होतं, "पक्की नोकरी असेल तर सांभाळते पोराला. नुसतं शिकायलाच जायचं असेल, तर त्यालाही ने कडेवर."

खोलीत पाऊल टाकताच तिची नजर आधी खाली गेली. रांगत्या पोराच्या आईला कुठलीही खोली गुडघ्याच्या उंचीवरूनच दिसते. तिथे, पार खालपर्यंत आलेली खिडकी होती, आणि तिची कडी लागत नव्हती.

"सातही सापडले, शाबास!" तिचा कागद बघत हसरे सर म्हणाले. "पण हे आठवं काय? ही खिडकी खोडा."

"खरंच लागत नाही सर ती."

"नसेल हो! पण मी कुठे ठेवलाय तो दोष? जादा दोष काढणारा उमेदवार संशयी समजून आपण नापास करतो. मारा रेघ, विषय संपवा."

तिने पेन उचललं. डोळ्यांपुढे सासूबाई उभ्या राहिल्या. मग खिडकीबाहेर, चार मजले खाली, रस्ता दिसला.

"तुम्ही एकदा लावून दाखवा सर. मग मारते."

सरांनी खिडकी ओढून कडी दाबली. हात काढताच वाऱ्याने ती सताड उघडली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. शेवटी ते दोन्ही हातांनी ती धरून उभे राहिले. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला, तो तिने उचलला. रिसेप्शनवरून विचारत होते, लहान मूल असलेलं एक कुटुंब आलंय, ही खोली देऊ ना?

"नाही, ही मिळणार नाही," ती म्हणाली.

"अहो मॅडम, पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं! पहिलाच धडा!"

"मग धरून ठेवा अशीच. त्यांचा मुक्काम संपेपर्यंत."

सरांनी एकदा खाली पाहिलं. हसू जागेवरच होतं, फक्त रंग उडाला होता.

"दुसरी खोली द्या म्हणावं. सुताराला वर पाठवा." मग घसा खाकरून ते म्हणाले, "आणि आठव्यापुढे लिहा, प्रशिक्षकांनी मुद्दाम ठेवलेला. अवघड प्रश्न."

तिने लिहिलं.

"अवघड प्रश्नाला गुण जास्त असतात ना, सर?"