वजन किती भरलं?

सिस्टरांचा हात सवयीनं नळीकडे गेला आणि वाटेतच थबकला. बाळाचं नाक-तोंड साफ करायचं, पाठ चोळायची, रडवायचं. जन्म गेला त्यांचा या कामात. आज यातलं काहीच करायचं नव्हतं. बाळाची मूत्रपिंडं आईच्या पोटात तयारच झाली नव्हती, त्यामुळे फुफ्फुसंही वाढली नव्हती. नळ्या नकोत, यंत्रं नकोत, मिळेल तेवढा वेळ आईच्या कुशीत, असं डॉक्टरांनी आणि आईबापांनी मिळून आधीच ठरवलं होतं. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

त्यांनी बाळाला टिपून, दुपट्यात गुंडाळून आईच्या छातीशी दिलं आणि उगाचच चादर नीट केली. मग पुन्हा केली.

“वजन किती भरलं?” आईनं विचारलं.

सिस्टर गोंधळल्या. वजन त्यांनी केलंच नव्हतं. औषधाची मात्रा ठरवायची नाही, तर कशाला करायचं? शिवाय काटा पार भिंतीपाशी. तिथवर न्यायचं म्हणजे बाळाला आईपासून दूर करायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

“ते... राहू दे ना आता.”

“सगळ्यांच्या बाळांचं करता ना?”

त्यांनी काटाच उचलून पलंगावर आणला. त्यावर मऊ कापड अंथरून बाळाला ठेवलं.

“बोट सोडवा जरा, नाहीतर काटा तुमचंही वजन धरेल,” त्या आईला म्हणाल्या. “मुलगी. दोन किलो शंभर.”

आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला आणि त्या ओशाळल्या.

बाप मात्र चक्क हसला. “मी पावणेदोनचा होतो. आई अजून चारचौघांत सांगते.”

“म्हणजे पोरीनं बापाला मागं टाकलं की!” आई म्हणाली.

हसावं की रडावं, सिस्टरांना कळेना.

मुलगी पुन्हा कुशीत गेली. तिचे श्वास लांबत चालले. बापानं आपल्या आईला फोन लावला, तेव्हा सिस्टरांनी मुलीच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला. काही ऐकू आलं नाही. जागा बदलून पाहिली. नाहीच. आता मान वर करून सांगायचं, एवढंच काम उरलं होतं.

“आई, मुलगी झाली. दोन किलो शंभर. हो, माझ्यापेक्षा जास्त!” सारं ठाऊक असलेली आजी पलीकडून विचारतच होती. “नाक? थांब, बघतो.”

तो वाकला. नीट निरखून पाहत म्हणाला, “तुझंच आहे.”

सिस्टरांनी मान वर केली नाही. फोन संपेपर्यंत त्या ऐकतच राहिल्या.