जावे त्याच्या खुर्चीत

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. हल्ली मला बघून लोक उभे राहणे पसंत करतात, म्हणून सांगावे लागते. माझे हात झिजले आहेत, हिरवे रेक्झिन एका कोपऱ्यात उसवले आहे, पण चारही पाय शाबूत आहेत. माझ्या जुळ्या बहिणीला असे म्हणता येणार नाही. एकाच सुताराने आम्हा दोघींना घडवले. मी जेवणाच्या सुट्टीआधी तयार झाले आणि ती नंतर, सुताराच्या डोळ्यावर झापड असताना. त्यामुळे तिचा एक पाय किंचित आखूड राहिला. ती जन्मभर डुगडुगते आणि दोष फरशीला देते. नाचता येईना, अंगण वाकडे!

आम्हाला एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एका लहानशा खोलीत ठेवले होते. खोलीत एक टेबल, एक खिडकी, पाण्याचा जग आणि आम्ही दोघी. टेबलापलीकडे ज्या बसायच्या त्यांना सगळे ताई म्हणत. पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत काही काळजीचे दिसले, की डॉक्टर त्या आईबाबांना ताईंकडे पाठवत. ताई त्यांना सगळे नीट समजावून सांगत आणि मग त्यांचे ऐकून घेत. ऐकण्याचेच काम जास्त असे.

तेव्हा आमचा थाट काय वर्णावा! "किती आरामशीर खुर्च्या आहेत," असे म्हणत लोक बसायचे आणि थोड्याच वेळात रडायला लागायचे. माणूस कसा बसतो यावरून मला त्याचे मन ओळखता यायचे. घाबरलेला माणूस काठावर टेकतो. रागावलेला माझे हात धरून ठेवतो. पाठ टेकून बसणारी माणसे त्या खोलीत फार कमी आली.

एके दिवशी एक जोडपे आले. तो घरांमध्ये फरशा बसवायचे काम करायचा. बसल्या बसल्या त्याने बहिणीचा आखूड पाय ओळखला, खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि घडी करून पायाखाली सरकवला. बहीण त्याच्यावर बेहद्द खूश झाली. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. ती माझ्यावर बसली, अगदी काठावर.

त्यांच्या बाळाच्या मानेमागचा भाग सोनोग्राफीत जाड दिसला होता आणि हृदयात एक छिद्रही दिसले होते. ताई म्हणाल्या, "अशा वेळी कधी बाळाच्या गुणसूत्रांत फरक असतो, कधी काहीच नसतो. नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. पोटातून बारीक सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढलं आणि तपासलं, तर बरंच कळतं. पण त्या सुईमुळे क्वचित बाळ जातं. फार क्वचित, पण कधीच नाही असं मी म्हणणार नाही. करायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी इथे कोणी रागावणार नाही."

त्यांचे पहिले बाळ पोटातच गेले होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर प्रश्न पुन्हा बाळाचाच होता.

"करून घेऊ," तो म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "आईसुद्धा म्हणतात, आमच्या वेळी कुठे होत्या असल्या तपासण्या!"

"आईचं सोड. तिच्या वेळी मोबाइल तरी कुठे होता? आता दिवसातून दहा वेळा करते ना फोन? अगं, कळलेलं बरं."

"आणि सुईनंच काही झालं म्हणजे?"

असे बराच वेळ चालले. आवाज कोणी चढवला नाही, पण दोघेही आपला हेका सोडेनात. शेवटी ताई म्हणाल्या, "उठा बघू. जागा बदला. आता ज्याच्या खुर्चीत बसाल, त्याच्या मनातलं बोला."

ही ताईंची नेहमीची रीत होती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे म्हणतात. ताईंचे म्हणणे असे, की आधी जावे त्याच्या खुर्चीत.

तो संकोचत माझ्यावर येऊन बसला आणि बायकोच्या वतीने बोलू लागला. "मला अंधुक दिसलेलं चालत नाही. दुकानात पाव नंबराचा फरक राहिला तरी मी गिऱ्हाइकाला उठू देत नाही. माझ्या बाळाला काय झालंय ते मला स्वच्छ कळायला हवं. करून घेऊ."

ती बहिणीवर बसली होती. नवऱ्याच्या वतीने ती हळू आवाजात म्हणाली, "मागच्या वेळी मी बाळाच्या खोलीत पिवळ्या फरशा बसवल्या होत्या. त्या खोलीचं दार मी अजून उघडत नाही. मला सुईची भीती वाटते. राहू दे."

जागा बदलल्या होत्या, पण शब्द तेच राहिले होते! तो मघापासून तिच्या मनातले बोलत होता आणि ती त्याच्या मनातले.

ताई म्हणाल्या, "इतका वेळ भांडलात, पण स्वतःची बाजू कोणीच मांडली नाही. आता आपापल्या जागी या आणि आपापलं बोला."

ती माझ्यावर परत आली. "मला कळायला हवंय," ती म्हणाली. "पुढे काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. पण मागच्या वेळी सगळं एकदम अंगावर आलं. या वेळी मला तयार राहायचंय."

"मग नको का म्हणत होतीस?"

"तू घाबरला होतास म्हणून. आणि तू करूया का म्हणत होतास?"

"तुला हवं होतं म्हणून."

दोघांना हसू आले. मग तिने विचारले, "सुईमुळे बाळ गेलं, तर मला दोष देशील?"

"छे!"

"इतक्या लवकर नको सांगूस."

तो खाली फरशीकडे बघत राहिला. "मनात येईल," तो म्हणाला. "येणारच. पण आलं की तुला सांगेन. एकटा धरून बसणार नाही."

तेव्हा तिने माझ्यावर पाठ टेकली. त्यांनी तपासणी करायचे ठरवले.

निकाल ऐकायला ते आले तेव्हा दोघांचेही चेहरे उतरलेले होते. तपासणीनंतर घरी तिला थोडे रक्त दिसले होते. मन चिंती ते वैरी न चिंती. डॉक्टरांनी बघून बाळ ठीक असल्याचे सांगितले होते, पण तोवर दोघांची झोप उडाली होती.

ताईंनी निकालाचे पाकीट हातात घेतले. तो म्हणाला, "थांबा ताई. आधी मला हिच्याशी बोलायचंय." मग तो तिच्याकडे वळला. "रक्त दिसलं ना, तेव्हा माझ्या मनात आलं. तुझ्या हट्टामुळे झालं, असं आलं."

ती आक्रसली. मला ते लगेच जाणवले आणि माझाही जीव गलबलला.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "माझ्याही मनात तेच आलं होतं. माझ्या हट्टामुळे, असं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगणार होतास ना? वाट बघत होते."

तो रडू लागला. तिने माझ्या हातावरचा आपला हात उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ताई, आता सांगा."

गुणसूत्रांत फरक आढळला नव्हता. या तपासणीत सगळेच कळते असे नाही, हेही ताईंनी सांगितले. हृदयातले छिद्र मात्र होतेच आणि जन्मानंतर कदाचित शस्त्रक्रिया लागणार होती. "ती कोण करतं?" दोघांनी एकदमच विचारले. पुढचा सगळा वेळ ते तेवढेच विचारत बसले.

मित्रांनो, आता ताई निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या खोलीत सोफा आला आहे. मी जिन्याखाली आहे आणि बहीण औषधांच्या खिडकीजवळ डुगडुगते आहे. आमच्यासारख्या म्हाताऱ्या खुर्च्यांना फरफटत नेऊ नका, उचलून न्या, एवढे मी मागते. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या भल्यासाठी म्हणून आपली भीती लपवू नका. ती त्याला सांगा. तो तुमच्या सांगण्याचीच वाट बघत असतो.